दुसऱ्या अंतऱ्यातला खोकला

"आता सगळ्यांनी अगदी शांत उभं राहायचं," गाईडबाई म्हणाल्या. इको रूममध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्यांपैकी दोघांनी मोबाईल सायलेंटवर टाकायला म्हणून बाहेर काढले आणि ते त्यातच बघत राहिले. "दुसरा अंतरा संपत आला की गायिका श्वास घ्यायला थांबते. तिथे कान द्या."

गाणं लागलं. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून निघून गुळगुळीत भिंतींवर आपटत ते खोलीभर फिरू लागलं. अंतरा संपत आला. आवाज थांबला. आणि त्या थांबण्यात, पार मागे, विहिरीच्या तळाशी खडा पडावा तसा एक खोकला आला. एकच. मग गाणं पुढे गेलं.

"ऐकलात? हा मास्टरांचा खोकला, या गाण्याच्या संगीतकारांचा. छातीचं दुखणं त्यांनी जगापासून लपवून ठेवलं होतं. या एवढ्या एका जागी ते त्यांना लपवता आलं नाही."

लोक हळहळले. एका बाईंनी डोळे टिपले. त्यांच्या नवऱ्याने तो खोकला पुन्हा लावता येईल का असं विचारलं, कारण त्याचं रेकॉर्डिंग राहून गेलं होतं.

दाराशी गपराव उभे होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपुरतं. हे नाव त्यांना वादकांनी दिलं होतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की तोंडावर बोट ठेवून बोळातून फिरायचं, टाइपरायटर थांबवायचे, चहाच्या किटल्या जागच्या जागी उभ्या करायच्या, आणि दोन नामवंत व्हायोलिनवाले एकमेकांची आई-बहीण काढत असले तरी त्यांना मध्येच तोडायचं, ही त्यांची नोकरी. जगात कित्येकांचं पोट आवाजावर चालतं. गपरावांचं दुसऱ्यांच्या गप्प बसण्यावर चाललं.

आता स्टुडिओत रेकॉर्डिंग होत नव्हतं. मोठ्या मालकांच्या नातवाने त्याचं अनुभव केंद्र केलं होतं. लोक येत, मास्टरांच्या खुर्चीशेजारी उभे राहून फोटो काढत आणि खोकला ऐकून कॉफी प्यायला जात. गपरावांना त्याने परत बोलावून घेतलं होतं आणि डोक्यावर टोपी चढवली होती. त्या काळात त्यांनी टोपी कधी घातली नव्हती, पण नातवाचं म्हणणं पडलं की टोपीशिवाय काका त्या काळचे वाटत नाहीत.

"आजोबा, तुम्ही पाहिलंत मास्टरांना?" मघाच्या बाईंनी विचारलं.

"पाहिलं ना."

"फार खोकायचे का हो?"

गपरावांनी गाईडबाईंकडे पाहिलं. गाईडबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"पुढचा ग्रुप उभा आहे," गपराव म्हणाले.

*

मोठ्या मालकांनी मोठ्या मनाने गपरावांना स्टुडिओच्या मागेच एक खोली आणि स्वयंपाकघर राहायला दिलं होतं. माणूस हाक मारल्याबरोबर हजर असावा, एवढाच त्यात त्यांचा स्वार्थ. अडचण एकच होती. मागची भिंत इको रूमची होती. इको रूम म्हणजे रिकामी खोली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. गाणं आत सोडायचं आणि भिंतींवरून घुमून आलेलं माईकने उचलून परत गाण्यात मिसळायचं. या स्टुडिओच्या गाण्यांना जी खोली होती, जी ऐकून लोक देवळात बसल्यासारखे बसत, ती या खोलीची. पण आत शिरलेली माशीसुद्धा त्यात घुमायची.

म्हणून गपरावांच्या स्वयंपाकघरात लाल दिवा बसवला होता. तारेचं दुसरं टोक कंट्रोल रूममध्ये. दिवा लागला की घरातलं सगळं जिथल्या तिथे थांबायचं. स्टोव्ह बंद, पळी हवेत, भांडण अर्ध्या वाक्यात. दिवा विझला की नवरा-बायको नेमक्या त्याच शब्दापासून पुढे भांडायची. पाहुण्यांना पहिल्यांदा याची गंमत वाटे. दुसऱ्यांदा ते येत नसत.

त्यांची मुलगी ठकू या घरात जन्मली. इतर मुलं आधी बोलायला शिकतात आणि मग गप्प बसायला. ठकूने सुरुवात उलटीकडून केली. रांगत असताना दिवा लागला तर उचललेला गुडघा ती तसाच अधांतरी ठेवायची. वादक मुद्दाम बघायला यायचे. "गपराव, पोरगी तालात आहे हो!" तबलेवाले म्हणायचे. असं गुणी मूल आवारात दुसरं नाही, असं सगळ्यांचं मत होतं, आणि गपरावांना त्याचा अभिमान होता.

चौथं सरत असताना तिच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, खोकला दाबू देऊ नका, मोकळा होऊ द्या. डॉक्टरांचं बरोबर होतं. त्यांच्या दवाखान्यात लाल दिवा नव्हता.

"अहो, मालकांना सांगा ना," बायको म्हणाली. "थोडे दिवस कुठंतरी दुसरीकडे राहू. पोर काळीनिळी पडते हो दाबून दाबून."

"मास्टरांचं एवढं गाणं होऊ दे. मग सांगतो."

त्या गाण्याला मास्टरांनी सगळ्यांचा जीव काढला. सकाळपासून दिवा लागत होता, विझत होता. ठकू दोन्ही तळहात तोंडावर दाबून बसली होती आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. दुपारी दिवा पुन्हा लागला तेव्हा हे मूल आता थांबत नाही हे आईला कळलं. तिने तिला उचललं आणि पावलं न वाजवता मागच्या अडगळीच्या बोळकांडीत नेलं. तिने हिशेब असा केला होता की तिथे स्टुडिओतलं काहीच ऐकू येत नाही, तेव्हा तिथलंही स्टुडिओत जाणार नाही. हिशेबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त बोळकांडीच्या भिंतीत वर एक जुना झरोका होता, त्यावर फळी ठोकलेली होती, आणि फळीपलीकडे इको रूमचा माईक होता. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. ते सुताराला माहीत होतं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गपराव त्या वेळी बाहेरच्या बोळात तोंडावर बोट ठेवून उभे होते. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं होतं. इमारतीत चिटपाखरू वाजत नव्हतं. कामाचं समाधान म्हणतात ते त्यांना तेव्हा वाटत होतं.

तो टेक असा उतरला की गायिका रडली, मास्टरांनी व्हायोलिनवाल्यांनासुद्धा मिठ्या मारल्या, आणि त्या गडबडीत एवढुसा खोकला कुणाच्या कानावर गेला नाही. तो सापडला रेकॉर्ड बाजारात आल्यावर.

"तुझ्या घरातला आवाज माझ्या गाण्यात?" मोठे मालक गरजले. "एक पोरगी सांभाळता येत नाही तुम्हाला दोघांना?"

"चुकलं साहेब. पुन्हा नाही होणार."

गपराव शब्दाला जागले. महिन्याभरात ठकू गेली. पुन्हा काही झालं नाही.

लोकांच्या घरी मुलांचे आवाज वाया जाण्याइतके असतात. ठकूचा जगात एवढाच उरला होता, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी. गपराव तेव्हापासून ते गाणं जिथे लागेल तिथे थांबून ऐकत. बायको रेडिओवर ते लागलं की पहिला अंतरा संपायच्या आत बंद करायची. यावरून त्यांच्यात कधी भांडण झालं नाही. त्यावर ती दोघं कधी बोललीच नाहीत.

*

खोकला मास्टरांचा झाला तो प्राध्यापकांमुळे. नातवाने त्यांच्याकडून स्टुडिओचा इतिहास लिहून घेतला होता. जाड, गुळगुळीत, मांडीवर घेतला तर पाय आखडेल असा. इतिहास लिहिताना साक्षीदार फार असले की त्यांचं एकमत होत नाही. प्राध्यापकांच्या सुदैवाने बहुतेक साक्षीदार वारले होते. गाण्यात खोकला होता, आणि मास्टर पुढे छातीच्या विकाराने गेले होते. या दोन गोष्टी एकमेकींना शोभत होत्या, म्हणून प्राध्यापकांनी त्यांचं लग्न लावून दिलं.

पुस्तक आलं तेव्हा गपराव त्यांना भेटले होते.

"तो खोकला आमच्या मुलीचा आहे, सर."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. प्रत्येकाला ते गाणं आपलंच वाटतं. हेच तर त्याचं मोठेपण आहे."

गपराव परत येऊन दाराशी उभे राहिले.

मग एके दिवशी नातवाने त्यांना वर बोलावून घेतलं. कंट्रोल रूममध्ये आता मोठा पडदा होता आणि त्याच्यासमोर एक तरुण साउंड इंजिनियर बाई बसली होती. प्राध्यापक होते, आणि कोपऱ्यात कॅमेरा लावून एक माणूस जांभया देत होता.

"या काका, बसा. तुम्ही म्हणजे आमची शान," नातू म्हणाला. "साठ वर्षं होताहेत स्टुडिओला. आपण ते गाणं नव्याने काढतोय. एकदम स्वच्छ. पण या बाईंनी घोळ घातलाय."

"घोळ काही नाही," इंजिनियर म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. हिरव्या रेघेवर एके ठिकाणी नखाएवढा उंचवटा होता. "हा खोकला. हा आलाय इकोच्या बाजूने. मास्टर तर इथे बसायचे ना, काचेच्या अलीकडे? आणि इतक्या बारीक आवाजात मोठा माणूस खोकत नाही. माझ्या मते हे लहान मूल आहे."

गपराव त्या उंचवट्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी ठकूच दिसावी तसा तो त्यांना दिसला. कुणीतरी, ओळखदेख नसलेल्या माणसाने, नुसतं ऐकून सांगितलं होतं. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा.

"म्हणजे मग तो काय झाला?" नातवाने इंजिनियरला विचारलं.

"तसं म्हटलं तर नॉईज."

"मग काढून टाका. मास्टरांचा असेल तर ठेवू, ती हिस्टरी आहे. ऐऱ्यागैऱ्याचा कशाला ठेवायचा? उद्या कुणी म्हणेल, एवढं स्वच्छ केलं आणि हे काय ठेवलंय मध्येच?"

"अहो, पण माझं प्रकरण!" प्राध्यापक कळवळले. "सबंध सहावं प्रकरण त्यावर उभं आहे."

"म्हणून तर काकांना बोलावलं. काका तिथे होते. काका सांगतील ते फायनल."

गपरावांनी तोंड मिटलं. मग त्यांनी इंजिनियरला विचारलं, "बाई, काढलं म्हणजे ते जातं कुठं?"

"कुठे नाही जात. नसतंच मग."

"आणि जुनी टेप?"

"टेप झडत आलीये काका. तिच्यावरून एकदा उतरवून घेतलं की संपली. पुढे सगळीकडे हेच वाजणार, नवं." ती त्यांच्याकडे जरा निरखून पाहू लागली. "तुम्हाला माहितीये का कुणाचा आहे तो?"

साठ वर्षांत या खोलीत गपरावांना कुणी काही विचारलेलं हे पहिलंच. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. किती वर्षं ते उत्तर तोंडात धरून हिंडत होते. खरं सांगितलं तर ठकूचा खोकला ठकूचा ठरणार होता, आणि पाच मिनिटांत पुसला जाणार होता.

"मास्टरांचा," गपराव म्हणाले.

"नक्की?"

"मी समोर होतो."

"बघा!" प्राध्यापक इंजिनियरला म्हणाले. तिने पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

कॅमेरा सुरू झाला. गपरावांच्या डोक्यावरची टोपी सरळ करण्यात आली. मास्टर कसे बसले होते ते त्यांनी सांगितलं; खोकला कसा आला ते सांगितलं. प्राध्यापक बाजूला बसून हळूच सुचवत होते.

"तोंडावर रुमाल धरला होता का?"

"धरला होता."

"त्यावर रक्त वगैरे?"

"नाही."

"आठवून बघा. घाई नाही."

गपरावांनी आठवून बघितलं. त्यांना दोन लहान तळहात आठवले.

"असेल थोडं," ते म्हणाले.

*

"म्हणजे तोही देऊन आलात," बायको म्हणाली. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"अगं, नाहीतर पुसून टाकणार होते."

"मग पुसू द्यायचा होता. आपला म्हणून पुसला असता."

"आणि मग काय राहिलं असतं आपल्याकडे?"

"आता काय राहिलंय? त्या मेल्या मास्टरनं माझ्या पोरीकडं कधी ढुंकून पाहिलं नाही. आता त्याच्या नावानं खोकणार ती जन्मभर." मग, पिठाकडे बघतच, "रक्तसुद्धा काढलंत तुम्ही तिच्या तोंडातून."

आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेल्या माणसाला बायकोने एका वाक्यात गप्प बसवलं होतं.

नव्या गाण्याच्या समारंभाचं बोलावणं दोघांना होतं. ती येणार नाही असं गपरावांनी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी ते निघाले तर ती चपला घालून दारात उभी.

"तू येतेस?"

"बघते तरी, लोक कसे रडतात ते."

मोठा स्टुडिओ खुर्च्यांनी भरला होता. नातवाने भाषण केलं. प्राध्यापकांनी भाषण केलं. त्यात रुमाल होता. पडद्यावर टोपीतले गपराव आले आणि म्हणाले, "मी समोर होतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दिवे मंद झाले आणि नवं, स्वच्छ केलेलं गाणं लागलं.

गाणं खरोखरच स्वच्छ झालं होतं. सगळी खरखर गेली होती. त्यामुळे दुसरा अंतरा संपला तेव्हा तो खोकला पूर्वी कधी आला नव्हता इतका जवळ आला, शेजारच्या खुर्चीवरून यावा तसा. गपरावांनी बायकोकडे पाहायचं टाळलं. ती मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, एवढं त्यांना दिसलं.

नंतर चहापानाच्या वेळी नातू एका वयस्कर बाईंना हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन आला. "काका, या मास्टरांच्या कन्या. खास विमानाने आल्यात. आणि ताई, हे आपले काका, व्हिडिओतले. या काकू. दोघं तेव्हा इथेच मागे राहायचे."

नातवाला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मास्टरांच्या मुलीचा चेहरा रडून सुजला होता. तिने गपरावांना नमस्कार केला आणि बायकोचा हातच धरला.

"मला त्या वर्षी शाळेसाठी लांब ठेवलं होतं हो. ते इतके आजारी आहेत, हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा कळलं. काकू, तुम्ही होता त्या दिवशी? जवळ होता?"

बायको आता काय बोलेल ते त्यांना माहीत होतं. तिला कुणी अडवू शकलं नसतं. आणि अडवायचा आपल्याला हक्क नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"होते," बायको म्हणाली.

"खूप त्रास होत होता का?"

बायकोने तिच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून दाबून धरला होता," ती म्हणाली. "कुणाचं काम बिघडू नये म्हणून. मग एकदाच आला. एवढुसा."

"कुणी पाणी तरी दिलं का हो?"

"मी दिलं."

मास्टरांची मुलगी तिच्या खांद्यावर कोसळली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊ लागली. आजूबाजूचे लोक कप हातात धरून आदराने थोडे मागे सरले. बायकोने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ती थोपटू लागली. तळवा पोकळ करून, खालून वर, छाती मोकळी व्हावी म्हणून थोपटतात तसं.